उन्हाचे दोन लिटर

मी कृष्णाकाठची. लग्न होऊन दर्यापूरकडच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी तुरीची डाळ शिजेना. चुलीवर दोन तास झाले तरी दाणा न् दाणा वेगळा, आणि सगळं घर नव्या सुनेकडे बघतंय. दोष माझा नव्हता, पाण्याचा होता, हे कळायला वेळ लागला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे. जमिनीतलं पाणी खारट आणि जड. साबणाला फेस येत नाही, डाळ मऊ पडत नाही. नळाला गोड पाणी येतं, पण त्याच्या मर्जीनं. गेल्या चार वर्षांपासून मी गच्चीवर उन्हात पाणी गाळायची पेटी करण्याच्या नादाला लागले आहे. त्यात हाती आलेलं पाणी थोडं. बाकी जे आलं ते सांगते.

१. बाष्पीभवन मला येतं, असं मी धरून चालले होते. सातवीत आकृती काढून पाचपैकी पाच मिळवलेली बाई मी. अंगणात खड्डा खणला, त्यात बोअरचं पाणी ओतलं, मधे पातेलं ठेवलं, वर प्लॅस्टिक ताणलं आणि मधोमध एक खडा. संध्याकाळी पातेल्यात अर्धा कप पाणी आणि एक मुंगळा. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची बकरी त्या प्लॅस्टिकवरून चालत गेली आणि प्रयोग संपला. मला मात्र बकरीचा राग आला नाही. अर्ध्या कपाची लाज तिनं परस्पर झाकली होती.

२. प्लॅस्टिक आणि काच यांच्यात पारदर्शकपणाशिवाय काही साम्य नाही. प्लॅस्टिकवर वाफेचे थेंब मण्यांसारखे लटकतात आणि जड झाले की खालच्या खाऱ्या पाण्यातच पडतात. स्वच्छ काचेवर तेच पाणी पातळ पसरतं आणि उतारानं घसरत पन्हळीत जातं. मात्र काच खरोखर स्वच्छ हवी. बसवताना माझी तेलकट बोटं जिथं लागली तिथं आठवडाभर थेंब अडून राहिले. शेवटी राखेनं घासली. पेटीच्या काचेचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण वीस अंशांचा, कारण आमचं गाव तेवढ्याच अक्षांशाच्या आसपास आहे. म्हणजे मीटरभर लांबीला मागची बाजू छत्तीस सेंटिमीटर उंच. सुतारानं विचारलं, "ताई, हे खुराडं कशासाठी?"

३. ऊन फुकट असतं, पण त्याच्याकडून काम करून घेणं सोपं नसतं. चौरस मीटरभर काच, खाली काळा तळ, त्यात दोन बोटं पाणी. एप्रिलच्या रणरणत्या दिवशी मी बादली लावून बसले होते. मिळालं दोन लिटर आणि वर थोडं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाटलीकडे बघून म्हणाल्या, "काऊन व, दिवसभर ऊन खाल्लं अन् एवढंच दिलं?" मला रडूच यायचं बाकी होतं. मग हिशेब मांडला. चहाचं आधण यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता ते आधण पुरतं आटवायला लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर विजेचं जवळपास दोन-तृतीयांश युनिट खर्ची पडतं. रोज आधण ठेवणाऱ्या मला पन्नाशीपर्यंत हे जाणवलं नव्हतं, कारण मी ते कधी आटू दिलं नव्हतं. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथं १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्यानं खाणीतल्या खेचरांसाठी अशीच काचेची तळी बांधली होती. दिवसाला वीस हजार लिटरच्या आसपास पाणी मिळे, पण त्यासाठी चार हजार चौरस मीटरहून जास्त काच अंथरावी लागली. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनंही १९७८ मध्ये अवाणिया गावाला असं पाणी दिलं. हे वाचल्यावर माझे दोन लिटर मला एकदम इभ्रतदार वाटू लागले.

४. पाणी शुद्ध असणं वेगळं आणि ते लोकांना शुद्ध वाटणं वेगळं. तळाला लावलेल्या काळ्या तेलरंगाचा वास महिनाभर गेला नाही, म्हणून तो ट्रे बाजूला ठेवला. नव्यात काळं सुती कापड अंथरायचं ठरलं. घरात तसं एकच होतं, माझा जुना परकर. उष्णता धरायला आणि पाणी शोषून ठेवायला उत्तम. मी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सगळ्यांपुढे धरला. बोअरचं पाणी दोन हजारांच्या वर आणि पेटीचं अकरा. कुणी मीटरकडे पाहिलंही नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "परकराचं पानी देवाले नको दाखवू." आता तिथं बेसॉल्टचे काळे खडे आहेत. पाणी तेवढंच येतं, घरात शांतता आहे.

५. फटी. दुसरं काही नाही, फटी. वाफ दिसत नाही म्हणून चोरी कळत नाही. सगळ्या कडांना सिलिकॉन भरलं, तर पहिले दहा दिवस पाण्याला शिरक्याचा वास. ते पाणी तुळशीलाही घातलं नाही.

६. खाऱ्या पाण्यानं पत्र्याचा ट्रे दोन पावसाळ्यांत चाळणीसारखा केला. अकोल्याहून स्टीलचा करून आणला. त्याचे पैसे ऐकून ह्यांनी विचारलं, एवढ्यात पाण्याचे जार किती आले असते? तो हिशेब मी अजून केलेला नाही, करणारही नाही.

७. पेटीला सगळं जमत नाही, हे कबूल करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट खाली राहतात. दर चार दिवसांनी तळ धुतला नाही तर पांढरा थर साचतो आणि तो ऊनच परत पाठवतो. पण जे स्वतः वाफ होऊन उडतं, ते काचेपर्यंत चढू शकतं. फवारणीतली काही औषधं त्यातली. कपाशीच्या शेतातल्या ज्या विहिरीवर फवारणीचे पंप धुतात, तिचं पाणी मी पेटीत घालत नाही. हिवाळ्यात दिवसाला लिटरभर मिळालं तरी पुष्कळ. पावसाळ्यात काचेवरून घरंगळणारं पाणी मी बादलीत धरते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत पेटीपेक्षा तिचं छप्परच जास्त कामाचं.

८. थेंब रात्रीही पडतात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो होतो. मला वाटलं नळ गळतोय. तापलेले खडे पाण्याला ऊब देत होते, वरची काच वाऱ्यानं गार झाली होती, आणि बाटलीत एकेक थेंब पडत होता. मी बराच वेळ मोजत पडले. चारशेच्या पुढे झोप लागली.

९. त्या पाण्याला चव नाही. अगदी नाही. माठात ठेवलं तर थोडी मातीची येते, तेवढीच. पाव्हण्यांना दिलं तर ते पेला खाली ठेवून विषय बदलतात. मी त्यात तुरीची डाळ लावली. कुणाला काही सांगितलं नाही. आत्याबाईंनी पळी फिरवली, थांबल्या, परत फिरवली. म्हणाल्या, "आज वरन घोटाच लागलं नाई." नंतर त्यांनी बाटलीकडे एकदा पाहिलं, पण परकराचा उल्लेख केला नाही.

सध्या आमच्याकडे पेटीचं पाणी डाळीला आणि आत्याबाईंच्या गोळ्यांना. बाकीचे हंडे पूर्वी जिथून भरून यायचे तिथूनच येतात.