लिथियम चालू असूनही नैराश्य का?

प्रश्न : धाकट्या भावाला बायपोलर आहे. लिथियम नियमित घेतो, तरी दीड महिना अंथरुणातून उठत नाही. माझीच नैराश्यावरची गोळी त्याला दिली तर?

उत्तर : देऊ नका, ताई. बायपोलरमध्ये ती गोळी एकटी दिली तर काहींचं मन थेट उन्मादाकडे उसळतं. आधी लिथियमची रक्तपातळी तपासा. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो. थायरॉइडही बघून घ्या, तो मंदावला तरी माणूस असाच मरगळतो. पातळी ठीक असेल तर डॉक्टर बहुधा क्वेटियापिन किंवा लॅमोट्रिजिन जोडतील. लॅमोट्रिजिन हळूहळूच वाढवतात, पुरेसा डोस गाठायला साधारण 6 आठवडे. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. तोवर घरच्यांचा धीर सुटतो, हे मी रोज पाहतो.

लिथियम मात्र मनाने बंद करू नका. अंगदुखीला आयबुप्रोफेनही नको, त्याने लिथियम रक्तात साठतं.

भाऊ मरणाचं बोलतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.