धिंगरी अळिंबीसाठी हंगाम कोणता निवडावा?

अळिंबी चार भिंतींच्या आत घेतली जाते, म्हणून ती वर्षभर केव्हाही येईल, असा समज आढळतो. परंतु वातानुकूलन नसलेली खोली बाहेरच्या हवेबरोबर तापते आणि कोरडी पडते. औरंगपुऱ्यातील जुन्या घराची तळमजल्याची खोली असो वा शेतावरील शेड, हंगाम पाहूनच बेड भरावेत.

धिंगरीस २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. छत्रपती संभाजीनगर परिसरात या दृष्टीने वर्षाचे तीन भाग पडतात.

१) पावसाळा (जुलै ते सप्टेंबर): तापमान व आर्द्रता दोन्ही अनुकूल असतात, पाणी कमी लागते. नवशिक्या शेतकऱ्यांनी सुरुवात याच काळात करावी. मात्र माश्या व हिरव्या बुरशीचा उपद्रव वाढतो. खिडक्यांना बारीक जाळी लावावी. उन्हाअभावी माल वाळवणे कठीण जाते, तेव्हा ताज्या मालाचे गिऱ्हाईक आधी ठरवावे.

२) हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी): तापमान योग्य, पण हवा कोरडी असते. भिंतींना गोणपाट लावून दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. न खपलेला माल उन्हात वाळवता येतो. १० किलो ताज्या अळिंबीपासून सुमारे १ किलो वाळलेली अळिंबी मिळते.

३) उन्हाळा (मार्च ते जून): पारा ४० अंशांच्या आसपास जातो. बेडच्या आतील तापमान खोलीपेक्षाही जास्त असते, त्यामुळे बुरशीची वाढ थांबते व बेड वाया जातात. टंचाईच्या दिवसांत खोली थंड ठेवण्यासाठी पाणी खर्च करणेही परवडत नाही.

बेड भरण्याची तारीख शेवटच्या तोडणीपासून मागे मोजून ठरवावी. काडावर बुरशी पसरण्यास १५ ते २० दिवस लागतात. पिशवी काढल्यानंतर तीन तोडण्या धरून एकूण ४५ ते ६० दिवस होतात. म्हणजे फेब्रुवारीअखेर पीक संपवायचे तर शेवटचे बेड डिसेंबरअखेर भरून झाले पाहिजेत.

बियाणे (स्पॉन) मागविण्यापूर्वी खोलीत आठवडाभर कोरडा व ओला तापमापक टांगून दुपारी नोंद घ्यावी. कोरडा २८ अंश दाखवीत असताना दोहोंत २ अंशांचा फरक असेल तर आर्द्रता सुमारे ८५ टक्के, ५ अंशांचा असेल तर सुमारे ६५ टक्के समजावी. एवढी नोंद हाती असल्यास काड, बियाणे व मेहनत वाया जात नाही.