खरे झाड की कृत्रिम झाड?

नाताळ जवळ आला की ब्रिटनमध्ये घरोघरी एक प्रश्न निघतो : सजावटीसाठी झाड खरे आणावयाचे की कृत्रिम? चार दिवसांच्या हौसेसाठी जिवंत झाड कशाला तोडायचे, त्यापेक्षा प्लॅस्टिकचे बरे, असे पुष्कळांना वाटते. हे मत चटकन पटते. पण ते बरोबर आहे का? आपण हिशेबच करून पाहू.

प्रथम खरे झाड घेऊ. नाताळसाठी विकली जाणारी फर व स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे बहुतेक करून शेतात लावलेली असतात. ऊस तोडला म्हणजे जंगलतोड झाली, असे आपण म्हणत नाही. हेही तसेच एक पीक आहे. फक्त ते फार सावकाश वाढते. दोन मीटर उंचीचे झाड तयार होण्यास सुमारे १० ते १२ वर्षे लागतात. या काळात ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातील कार्बन आपल्या अंगात साठवते.

सण संपल्यावर झाड जाळले, तर हवेतून घेतलेला कार्बनच हवेत परत जातो. त्याचे बारीक तुकडे करून बागेत पसरले, तरी तेच हळूहळू घडते. पण झाड कचऱ्याच्या ढिगाखाली पुरले गेले तर? तेथे प्राणवायू पोहोचत नाही. अशा जागी जगणारे जीवाणू झाड कुजवताना मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांचा काळ धरला, तर एक किलो मिथेन हा सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो!

आता कृत्रिम झाड. त्याची पाने सहसा पीव्हीसी या प्लॅस्टिकची आणि सांगाडा पोलादाचा असतो. दोन्ही बनवताना भरपूर इंधन खर्च होते. शिवाय प्लॅस्टिक आणि तारा एकमेकांत गुंतलेल्या असल्याने मोडीतून ते वेगळे काढणे अवघड जाते.

ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेने दोन मीटर उंचीच्या झाडांचा हिशेब मांडला आहे. सर्व वायूंचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वजनात सांगायचा, तर तो असा :

खरे झाड, जाळले तर : ३.५ किलो
खरे झाड, कचऱ्यात पुरले तर : १६ किलो
कृत्रिम झाड : ४० किलो

आता भागाकार करा. ४० ला ३.५ ने भागले की ११.४ येतात. म्हणजे जाळल्या जाणाऱ्या झाडाशी बरोबरी करावयाची, तर कृत्रिम झाड १२ नाताळ वापरले पाहिजे. पण खरे झाड दरवर्षी पुरले जात असेल, तर ४० भागिले १६, म्हणजे २.५, तेव्हा तिसऱ्याच वर्षी कृत्रिम झाड सरस ठरते. पाहिलेत ना? निकाल झाडाच्या जातीवर नव्हे, तर आपण ते किती वर्षे वापरतो आणि शेवटी त्याचे काय करतो, यावर लागतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. घरात कृत्रिम झाड असेल, तर त्याचे ४० किलो होऊन गेलेले आहेत. खरे झाड आणण्यासाठी ते फेकून देणे हा तोट्याचाच सौदा. तसेच, एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झाड आणण्यासाठी मोटारीने दूर जाऊन दीड लिटर पेट्रोल जाळले, तर ३.५ किलोंची आणखी भर पडली!

आपल्याकडे रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळते ते बहुधा अरॉकेरिया असते. ते फर नव्हे, पण सूचिपर्णी वर्गातलेच आहे. कुंडीत ते अनेक वर्षे टिकते, म्हणून तोडण्याचा प्रश्नच येत नाही.

सोडवून पाहा : एका कुटुंबाने कृत्रिम झाड ६ वर्षे वापरून टाकून दिले. शेजाऱ्यांनी ६ वर्षे दरवर्षी खरे झाड आणून जाळले. कोणाचा आकडा मोठा? शेजाऱ्यांनी झाडे पुरली असती तर?