ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर : दोष कसा शोधावा?

शाळेच्या डेस्कटॉप संगणकात एक ग्राफिक्स कार्ड बसवले आहे असे समजा. संगणक सुरू होतो, पडदाही उजळतो; पण अक्षरे बटबटीत दिसतात, चित्रफीत अडखळत चालते आणि कार्डाचा ड्रायव्हर बसवू गेले तर तो बसत नाही. एक सूचना येते व काम तेथेच थांबते. अशा वेळी बहुधा दोनच निष्कर्ष काढले जातात : ‘कार्ड जळाले’ किंवा ‘संगणक जुना झाला’. हे निष्कर्ष महाग पडतात. चांगले कार्ड कपाटात जाऊन पडते आणि नव्या कार्डासाठी शाळेला पैसे मोजावे लागतात. वास्तविक त्या बटबटीत चित्रातच बरीच माहिती दडलेली असते.

एक लहानसा प्रयोग करा. चित्रे काढण्याच्या कोणत्याही आज्ञावलीत शिफ्टची कळ दाबून धरून एक वर्तुळ काढा आणि पडद्यावर फूटपट्टी धरून त्याची उंची व रुंदी मोजा. उंची ९ सेंटिमीटर आणि रुंदी १२ सेंटिमीटर भरली, तर काय समजावे? आजचे पडदे बहुधा १६ : ९ या प्रमाणाचे असतात. त्यांवर ४ : ३ प्रमाणाचे चित्र ताणून बसवले, की रुंदी ४/३ पट होते आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ बनते. म्हणजेच संगणकाला या पडद्यासाठी योग्य असे चित्र तयार करता येत नसून तो कामचलाऊ चित्र दाखवीत आहे.

हे कामचलाऊ चित्र कोठून येते? विंडोजपाशी एक साधा, सर्व कार्डांवर चालणारा ड्रायव्हर असतो. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ हे त्याचे नाव. तो चालू असताना चित्र आखण्याचे सारे काम मुख्य प्रोसेसरवर पडते. कार्ड तयार झालेले चित्र पडद्याकडे धाडते, एवढेच. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हटली, तर १२ कोटी ४४ लाखांवर चित्रबिंदूंची व्यवस्था दर सेकंदाला लावावी लागते. प्रोसेसरची दमछाक होते ती यामुळे. पण चित्र कार्डामधून पडद्यापर्यंत पोचते आहे, याचा अर्थ कार्डाचा निदान तेवढा भाग तरी शाबूत आहे.

येथे एक अट आहे. चित्र खरोखर कार्डामधूनच येत असले पाहिजे! संगणकाच्या मागच्या बाजूस पडद्याची केबल लावण्याच्या जागा पुष्कळदा दोन ठिकाणी असतात : वर मदरबोर्डावर उभ्या पट्टीत आणि खाली कार्डावर आडव्या पट्टीत. केबल मदरबोर्डाच्या जागेत लावलेली राहिली, तर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे असते आणि कार्ड नुसते बसून राहते. ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी ही केबल पाहावी.

दुसरी गोष्ट विजेची. पीसीआय एक्स्प्रेसच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसते, तिच्यातून त्याला फार तर ७५ वॅट मिळतात. याहून अधिक शक्ती लागणाऱ्या कार्डांना पॉवर सप्लायमधून ६ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी द्यावी लागते. तिच्यामधून अनुक्रमे ७५ व १५० वॅट मिळू शकतात. ही जोडणी राहून गेली, तर कोणताही ड्रायव्हर कामाचा नाही. पेटी उघडायची असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखालीच उघडा. आधी भिंतीतील बटण बंद करून वायर काढा आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत निघून जाऊ द्या.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर हा शब्द ऐकून गाडी चालवणारा डोळ्यांसमोर येतो, पण येथे दुभाषा म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ‘येथे त्रिकोण काढ, त्याला निळा रंग दे’ अशी आज्ञा देणाऱ्या आज्ञावलीला कार्डाची अंतर्रचना ठाऊक नसते. कार्डावरील चिपला तर तिच्या रचनेनुसार ठरलेले संकेतच तेवढे समजतात. हे भाषांतर ड्रायव्हर करतो. चिपच्या पिढ्या बदलल्या की संकेत बदलतात, म्हणून एका पिढीचा दुभाषा दुसरीला चालेलच असे नाही. ड्रायव्हर न बसण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे आहे.

तेव्हा ‘ड्रायव्हर कोणता?’ या प्रश्नाआधी ‘चिप कोणती?’ हा प्रश्न सोडवला पाहिजे. खोक्यावरचे नाव वाचून तो सुटत नाही. एनव्हिडिया या कंपनीचे ‘जीफोर्स जीटी ७३०’ हे कार्ड घ्या. २०१४ साली ते बाजारात आले. या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक ‘फर्मी’ पिढीची, ९६ गणनघटकांची; दुसरी ‘केप्लर’ पिढीची, ३८४ गणनघटकांची. आतला माल वेगळा आणि वरची चिठ्ठी एक! ग्राहकाच्या दृष्टीने ही पद्धत मला मुळीच पसंत नाही.

याचा परिणाम पाहा. फर्मीसाठी ड्रायव्हरची ३९० ही मालिका शेवटची, तीतील ३९१.३५ हा ड्रायव्हर मार्च २०१८ मध्ये निघाला. केप्लरसाठी ४७० ही मालिका शेवटची; २०२१ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या मालिकांनी केप्लरला वगळले. आता एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर्वांत नवा तो सर्वांत चांगला’ असे मानून आजचा ड्रायव्हर उतरवून घेतला, तर जुळणारे कार्ड सापडले नाही, अशी सूचना त्याला मिळेल. कार्ड तर डोळ्यांसमोर खाचेत बसलेले आहे! सूचनेचा खरा अर्थ इतकाच, की या दुभाष्याच्या यादीत ही चिप नाही.

कार्डालाच विचारा

चिप ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’खाली आपले कार्ड शोधा, तेथे नसल्यास ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणाची खूण असलेली नोंद पाहा. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डीटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तीत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे चार अंक आणि ‘डीईव्ही’ या अक्षरांपुढे चार अंक असतात. पहिली संख्या उत्पादकाची, दुसरी चिपची. ही माहिती चिप स्वतःच संगणकाला सांगते, त्यामुळे ड्रायव्हर नसतानाही ती वाचता येते.

हे अंक षोडशमान पद्धतीचे आहेत. त्यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे १० ते १५ साठी वापरतात. एनव्हिडियाची संख्या १-०-डी-ई. दशमान पद्धतीत ती किती? ४०९६ + ० + (१३ × १६) + १४ = ४३१८. एएमडीच्या कार्डांवर १-०-०-२, म्हणजे ४०९८, दिसेल. इंटेलने घेतलेली संख्या मोठी मजेदार आहे : ८-०-८-६. इंटेलच्या १९७८ सालच्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचे नाव हेच होते. ही संख्या दिसली तर ती नोंद बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची आहे, आपल्या कार्डाची नव्हे, हे लक्षात घ्या.

आपल्या उदाहरणात दुसरी संख्या ०-एफ-०-२ आली तर चिप फर्मी, १-२-८-७ आली तर केप्लर. वाद मिटला. आता विंडोज ३२ बिटांचे आहे की ६४ बिटांचे, तेवढे ‘सिस्टिम’च्या पानावर पाहून घ्या. ३९० नंतरच्या मालिका ३२ बिटांच्या विंडोजसाठी निघाल्याच नाहीत. तेव्हा तसे विंडोज असेल तर चिप कोणतीही असो, ३९० हीच मालिका घ्यावी लागेल. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा संगणकाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात नवे करा’ असे सांगणाऱ्या फुकट आज्ञावल्यांपासून दूर राहा. ड्रायव्हरला संगणकाच्या अगदी गाभ्यात प्रवेश असतो. तेथे अनोळखी पाहुणा नको.

बरोबर ड्रायव्हर मिळूनही अडले तर

पूर्वी दुसऱ्या कंपनीचे कार्ड असेल, तर त्याच्या ड्रायव्हरचे अवशेष आड येतात. ते ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच नवा ड्रायव्हर बसवा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ हा पर्याय त्याचसाठी आहे. आणखी एक गंमत होते : तुम्ही ड्रायव्हर बसवीत असता आणि त्याच वेळी विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर गुपचूप आणून बसवीत असते! म्हणून फाइल उतरवून झाली की इंटरनेटची जोडणी काढून ठेवा.

डिव्हाइस मॅनेजरमधील सांकेतिक क्रमांकही वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल सहीची खात्री पटत नाही. फाइल कोठून आणली ते पुन्हा तपासा. ४३ आल्यास मात्र काम लांबते, कारण कार्डाने दोष कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले, इतकेच त्यावरून कळते.

शाळेत लिनक्स असेल तर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने तेच अंक दिसतात. तेथे एक खास अडचण येते. ‘सिक्युअर बूट’ चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर बसतो, पण संगणक तो वापरू देत नाही. उबुंटूमध्ये अशा वेळी एक संकेतशब्द ठरवून घेतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारतात. हा पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत तो निसटला, की ‘सर्व ठीक झाले’ असे वाटूनही ड्रायव्हर चालत नाही.

४३ क्रमांक कायम राहिला तर अदलाबदलीचा प्रयोग करावा. मीटर ब्रिजच्या प्रयोगात काटा हलेना, की पुष्कळ विद्यार्थी वायर, सेल आणि गॅल्व्हनोमीटर सारे एकदम बदलतात. काटा हलतो, पण दोष कशात होता हे कळत नाही. येथे तसे करू नका. तेच कार्ड, तोच ड्रायव्हर आणि त्याच प्रकारचे विंडोज असलेला, कार्डाला पुरेशी वीज देऊ शकणारा दुसरा संगणक घ्या. कार्ड तेथे चालले तर दोष पहिल्या संगणकाच्या खाचेत, पॉवर सप्लायमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. तेथेही ४३ च आला, तर दोष कार्डातच असण्याचा संभव मोठा. निकाल काहीही लागो, चिपचे आठ अंक आणि चाललेल्या ड्रायव्हरचा क्रमांक एका कागदावर लिहून तो पेटीच्या बाहेरील बाजूस चिकटवा. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल.