जॅक वर गेला, गाडी नाही

पंक्चर झालेलं चाक काढायचं होतं, एवढंच. पवनारच्या पुलाअलीकडे माझी फियाट डिलाइट उभी होती. नवा रंग देऊन अकरा दिवस झाले होते. डिकीतून जॅक काढला, दाराखालच्या जागी अडकवला आणि हँडल फिरवायला लागलो. जॅक वर चालला, पण गाडी काही उचलेना. मग वाळल्या पापडावर पाय पडावा तसा आवाज आला आणि जॅकचं डोकं सरळ आत शिरलं. वाकून पाहिलं तर तिथे पत्राच नव्हता. बोटभर जाडीची लांबी होती, तिच्या मागे कोंबलेला बारदाना होता आणि वरून माझा चकचकीत पिस्ता रंग.

लांबी म्हणजे पेंटरची पुट्टी. पोचा आलेल्या जागी ती पातळ भरतात आणि घासून सपाट करतात, त्यात गैर काही नाही. पण पत्रा सडून गेलेल्या जागी लांबी भरली की दिसतं सगळं छान, आणि वजन पेलायला मात्र काहीच नसतं.

गेल्या दोन वर्षांत चार जणांनी मला विचारलं, जुनी फियाट मिळतेय, घेऊ का? प्रत्येकाला तोंडी सांगून थकलो, म्हणून हे लिहितोय.

इटालियन गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाल फेरारी येते. वर्धेत ती कुठून यायची! आपल्या वाट्याची इटालियन म्हणजे फियाट ११००. जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती १९५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली. नाकाडामुळे तिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. मग १९६४ ला डिलाइट आली. पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. फियाटच्या याच ११०० घराण्याचं इंजिन घेऊन इटलीत चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार बनली. तिच्या एका उघड्या गाडीत शर्यतपटू नुवोलारी १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत दुसरा आला, आणि १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०२ कलाकृती म्हणून मांडली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. सिल, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा पट्टा, कसा तपासायचा ते ठाऊक नव्हतं.

माझी गाडी १९६९ ची. हिंगणघाटला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात शेडखाली उभी होती. एअर फिल्टर उघडला तर आत सरकीसकट कापसाचं उंदराचं घरटं. मला ते फार गोड वाटलं, फोटोसुद्धा काढला. त्याच उंदरांनी डॅशबोर्डमागच्या वायरीही खाल्ल्या असतील, हे डोक्यात आलं नाही. बॅटरी लावली, कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल टाकलं, चौथ्या सेल्फला इंजिन धरलं. तो आवाज ऐकला आणि मी साठ हजार मोजले. लोक इंजिन ऐकून गाडी घेतात. पण या गाडीत सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इंजिनाचीच. बोअर करून पिस्टन-रिंगा टाकणारा लेथवाला नागपुरात आजही सापडतो. पत्रा मात्र विकत मिळत नाही, तो हाताने ठोकून घडवावा लागतो.

त्यातून या गाडीला ट्रक-जीपसारखी वेगळी चासी नाही. तळ, सिल, खांब, छप्पर मिळून एकच डबा, आणि सगळं ओझं तोच पेलतो. म्हणून सिल सडला म्हणजे गाडीचा कणाच गेला. घेण्याआधी सीटखालचं मॅटिंग उचला, बोटाने दाबा. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून सिलवर, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. मग मालकासमोर चारही ठिकाणी जॅक लावा आणि गाडी उचललेली असतानाच दार उघडून बंद करा. दार खाली घासायला लागलं किंवा फट बदलली तर डबा वाकतोय. मालक जॅक लावू देत नसेल तर चहा घ्या आणि परत या.

मी यातलं काही केलं नाही. गाडी आणली ती थेट रंगाला टाकली. का? तर दाराची बिडिंग सोलली तेव्हा खाली मूळ रंगाची पट्टी निघाली, पन्नास वर्षं उजेड न पाहिलेली. तो पिस्ता रंग पाहिला आणि माझं भान सुटलं. पंच्याऐंशी हजार रंगाला गेले. पेंटरला दोष देत नाही. तो म्हणाला होता, ‘साहेब, खालून बघू का?’ मी म्हणालो, राहू दे, पाडव्याला काढायची आहे.

सेवाग्राम रोडवरच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे शेवटी गाडी ओढून नेली, त्याने पद्मिनीच्या काळात टॅक्सी चालवली होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘ब्रेक पाह्यले का?’

‘लागतात की.’

‘लागते तं सारेच, भाऊ. पयते बी कोनतीबी. थांबते का, थे पाहा आधी. रंग काय, मंग बी देता येते.’

चारही चाकं खोलली. या गाडीला सगळीकडे ड्रम ब्रेक, आणि चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून जाणारी एकच लाइन. म्हणजे एका चाकाचं रबर फुटलं की ब्रेक ऑइल गळतं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचं रबर बोटांत चुरडलं, खारीसारखं. त्या ब्रेकवर मी अकरा दिवस बायकोला आणि नातवाला फिरवलं होतं. त्या रात्री झोप आली नाही, ती रंगाच्या पैशांमुळे नव्हे.

तेव्हा क्रम असा ठेवा, आणि यात घासाघीस नको: आधी ब्रेकची सगळी रबरं, पाइप, लायनिंग, आणि टायर. ५.२० – १४ मापाचे टायर मिळतात, पण दुकानात कित्येक वर्षं पडून असतात. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘१४१६’ म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी तसा टायर घेऊ नका. मग स्टिअरिंगचे जॉइंट आणि किंगपिन, मग रेडिएटर, पेट्रोलची लाइन, वायरिंग, मग पत्रा. रंग सगळ्यांत शेवटी.

दुसरी चूक माझ्याकडून थोडक्यात टळली. पत्र्याचं काम निघालंच आहे तर गाडी पूर्ण खोलून ‘नट-बोल्ट’ काम करावं, असं मनात आलं होतं. मिस्त्रीने एका कोपऱ्यात बोट दाखवलं. ताडपत्रीखाली एक पद्मिनी होती, म्हणजे तिचा डबा होता. बाकीची गाडी गोण्यांत. कुणा हौशी माणसाने सात वर्षांपूर्वी खोलायला लावली, बदली झाली, मग तो आलाच नाही. खोलायला चार दिवस लागतात. परत जोडताना कुठला बोल्ट कुठला हे फक्त खोलणाऱ्याला माहीत असतं, आणि तो तोवर दुसऱ्या गॅरेजला लागलेला असतो. एका वेळी एकच भाग काढा, डबीवर चिठ्ठी लावा, मोबाइलमध्ये फोटो घ्या, आणि तो भाग परत बसवून गाडी चालवा. मगच दुसरा काढा. चालती गाडी सुधारत राहते, आणि गोणीत गेलेली सहसा परत येत नाही.

कागदांचं प्रकरण मला रंगाहून महाग पडलं असतं. आरसी बुकावर सत्तरच्या दशकातल्या एका कर्जाचा बोजा होता. कर्ज फिटलेलं, पण बोजा कुणी उतरवलेला नाही, आणि कर्ज देणारी संस्था तर कधीचीच गुंडाळलेली. बोजा उतरवायला फॉर्म ३५ वर संस्थेची सही लागते. ज्याच्या नावावर गाडी, तो माणूसही वारलेला, म्हणजे आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढवा, मग फॉर्म २९ आणि ३० ने आपल्या नावावर. आठ महिने खेटे घातले. कचेरीतली माणसं वाईट नव्हती, पण कागदच नसला तर ती तरी काय करणार? म्हणून गाडीआधी आरसी पाहा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी आकडा न् आकडा पडताळा. नोंदणीची मुदत कधी संपली तेही बघा, कारण नूतनीकरणाची ६०० रुपयांची फी १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली आणि पुढे आणखी वाढली. विलंबाचा दंड आणि पर्यावरण कर वेगळाच. वर नवी सुरक्षा नंबरप्लेटही आलीच.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाने ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मित्र म्हणाले, घे, रुबाब आहे. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मला गाडी घेऊन रविवारी भाजी आणायची असते. मी साधीच नोंदणी पुढे नेली.

आता उन्हाळ्याचं. वर्धेत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला. दुपारी गाडी दहा मिनिटं उभी केली की पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी संपते, लोक म्हणतात गाडी बिघडली. ती बिघडलेली नसते. पंपावर ओलं फडकं टाका, पाच मिनिटं सावलीत थांबा. जुने ड्रायव्हर सीटखाली पाण्याची बाटली आणि फडकं ठेवायचे ते याचसाठी. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने आणखी एक भर घातली आहे: जुने रबरी पाइप त्यात मऊ पडतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पेट्रोल हवेतलं पाणी ओढून टाकीला आतून गंज चढवतं. पाइप इथेनॉल चालणारे घ्या, डायफ्रामची एक जादा किट जवळ ठेवा, आणि आठवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवा. जागेवर घुरघुरवून काही होत नाही.

समृद्धी महामार्गावर मात्र नेऊ नका. आपल्याच जिल्ह्यातून जातो, मोह होतो. मीही एकदा एका धावत्या ट्रकच्या मागे सत्तरने जात होतो आणि बाजूने एकशेवीसने गाड्या सुटत होत्या. आरशात पाहण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

सुटे भाग अजून मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडावं लागतं. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सींसाठी जी दुकानं चालत होती ती आता आपल्यासारख्या दोन-चारशे वेड्यांसाठी किती दिवस चालतील? किंगपिनचा एक संच, व्हील सिलिंडरची रबरं, हेड गॅस्केट आणि पुढची काच सापडली की घेऊन ठेवा. भाव करत बसू नका.

सिलचं काम सव्वा महिना चाललं. मिस्त्रीने सडका भाग कापून काढला, नवा पत्रा ठोकून वळवला, थोडंथोडं वेल्डिंग केलं, मध्ये दार लावून फट पाहिली, परत टाका मारला. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. शेवटी त्याने रेड ऑक्साइड मारला आणि जॅक माझ्या हातात दिला. ‘लावा.’

गाडी उचलली गेली.

बाकी अंग पिस्ता आणि उजवा सिल तांबडा, अशीच ती फिरते. बजाज चौकात कुणी विचारतं, काहो, हे एवढंच काहून राहिलं? मी म्हणतो, आधी मागच्या चाकांचे ड्रम टर्न करायचे आहेत.