मुंबई ते न्यूयॉर्क : चौदा तास की सोळा?

हा लेख म्हणजे माझ्या एका चुकलेल्या गणिताचं सबमिशन आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मी कॉन्व्हेंटचा. अक्षांश-रेखांश हे शब्दसुद्धा रूममेटला विचारून लिहिलेत.

मागच्या जूनमध्ये ताई मुंबईहून न्यूयॉर्कला गेली. नॉनस्टॉप विमान, रात्री दोनला सुटलं. सकाळी निलंग्यात आजीने विचारलं, "लेकरू कवा पोचंल?" मी कॅल्क्युलेटर काढला. अंतर 12,500 किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे चौदा तास. "दुपारी चारला फोन येईल," ठासून सांगितलं. चार वाजले, पाच वाजले, फोन नाही. आजी जेवलीच नाही. साडेसहाला ताईचा फोन आला, तेव्हा आजी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू इंजिनिअर व्हायलास नव्हं?"

त्यापेक्षा व्हायव्हात नापास झालेलं परवडलं.

अंतर मात्र बरोबर होतं. मुंबई 19 अंश उत्तर, 73 पूर्व. न्यूयॉर्क 41 उत्तर, 74 पश्चिम. रेखांशांतला फरक 147 अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि 147 चा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. उत्तर येतं उणे 0.385. हा पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन, म्हणून कोन 112.6 अंश. एका अंशाला सुमारे 111.2 किलोमीटर. करून बघा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी, इजिप्त, अल्जिरियावरून जाते. चेंडूवर दोरा ताणला तर तो मध्य आशिया, रशिया ओलांडत आइसलंडपाशी 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो! पण ही सगळ्यात जवळची वाट विमानाला मिळेलच असं नाही. 2019 मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद होतं. मार्च 2022 मध्ये तर युनायटेडने रशियाचं आकाश टाळावं लागल्यामुळे नेवार्क-मुंबई विमानच थांबवलं.

माझी खरी चूक वेगात होती. ताशी 900 हा हवेच्या तुलनेतला वेग. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणजे जाताना समोरून. तो सरासरी 70 धरला तर उरले 830. वळसा धरून वाट 13,000 किलोमीटर माना. भागाकार करा : पंधरा तास चाळीस मिनिटं.

ताई तिथल्या सकाळी सव्वाआठला उतरली. दोन ते सव्वाआठ, सव्वासहा तासच वाटतात, नाही? पण जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. बेरीज केली की पावणेसोळा.

परवा ताईचं परतीचं तिकीट ठरलं. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो, हे मी आजीला दोरा-चेंडू घेऊन समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् त्या दिवशी वारं पडलं तर?"