परगावी जाताना इन्शुलिनची शिदोरी

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तत्पूर्वी बालवयात जडलेला मधुमेह म्हणजे लवकरच ओढवणारा मृत्यू, असेच समीकरण होते. आज इन्शुलिन घेणारे शिक्षक, शेतकरी आणि ग्रामसेवक आपापली कामे नेटाने करीत आहेत. घरी त्यांची दिनचर्या नेमाची असते. ही घडी विस्कटते ती चार दिवस बाहेर पडण्याचा प्रसंग आला म्हणजे.

आषाढी वारीचेच उदाहरण घ्यावे. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपुरी पोहोचतो. दिंडीचे सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते आणि वारकऱ्याच्या खांद्यावर उरते ती एक पिशवी. इन्शुलिन वळकटीत बांधून ट्रकमध्ये टाकले की दुपारच्या मात्रेच्या वेळी ते कित्येक कोस दूर असते. शिवाय उभ्या वाहनात आतील हवा किती तापते, हे कोणाही चालकास ठाऊक आहे. म्हणून पहिला नियम हा की, इन्शुलिन माणसाबरोबरच चालले पाहिजे. विमानाने जाणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. औषध हातातील पिशवीत आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

किती न्यावे, याचा हिशेब सोपा आहे. रोज ३० युनिटे घेणाऱ्यास वीस दिवसांत ६०० युनिटे लागतात. आपल्याकडील ४० शक्तीच्या दहा मिलिलिटरच्या कुपीत ४०० युनिटे असतात, म्हणजे गरज दीड कुपीची. नेताना तीन न्याव्यात. एक फुटते, एक हरवते, हे गृहीतच धरलेले बरे. सुया आणि तपासणीच्या पट्ट्याही दुप्पट असाव्यात. यातील निम्मा साठा त्याच दिंडीतील विश्वासू सोबत्याकडे द्यावा. सारे एकाच पिशवीत ठेवणे म्हणजे ती पिशवी गेली की सारेच जाणे होय.

शीतकपाटावाचून इन्शुलिन नासते, या समजुतीपायी कित्येक जण ते घरीच ठेवून निघतात. हे सर्वांत घातक. न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा हे खरे. परंतु बहुतेक प्रकारचे इन्शुलिन ३० अंशांपर्यंतच्या हवेत सुमारे चार आठवडे टिकते. उन्हाळ्यात रुंद तोंडाचा थर्मास किंवा ओल्या फडक्याने गुंडाळलेले लहानसे मडके पुरेसे काम देते. पावसाळी दमट हवेत मात्र ओले फडके फारसे थंडावा देत नाही. कुपी बर्फाला थेट टेकवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते. मुळात पारदर्शक असलेले औषध गढूळ झाले, अथवा मुळात दुधी असलेल्यात हलक्या हाताने घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टाकून द्यावे.

वाटेत नवे औषध घ्यावे लागले तर आणखी एक धोका संभवतो. कुपीतील इन्शुलिन बहुधा ४० शक्तीचे, तर पेनमधील १०० शक्तीचे असते. ४० च्या पिचकारीने १०० चे औषध ओढल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते. तेव्हा जुने वेष्टन दुकानदारास दाखवून त्याच नावाचे व त्याच शक्तीचे औषध मागावे.

चालण्याने रक्तातील साखर उतरते, आणि वाटेत एकादशीचा उपवासही येतो. मात्रा किती कमी करावी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे. परस्पर बंद करणे तर मुळीच नको. दिवे घाट चढताना सुटलेला घाम आणि हातापायांची थरथर हा चढणीचा शीण समजला जातो. वस्तुतः ती साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्याची खूण असू शकते. अशा वेळी थांबून तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. सोबत्याला एवढे आधीच सांगून ठेवण्यात संकोच कसला?

निवडणुकीच्या कामगिरीतही हीच कसोटी लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील मतदान १९ एप्रिल ते २० मे या ऐन उन्हाळ्यात झाले. मतदान पथक आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघते आणि दुसऱ्या रात्री ते जमा करून मोकळे होते. जेवणाची वेळ हाती नसते. मधुमेही कर्मचाऱ्याने केंद्राध्यक्षास पूर्वकल्पना द्यावी, आणि केंद्राध्यक्षाने त्याला वेळेवर दोन घास खाण्याची सवड द्यावी.

शाळेच्या सहलीतून मधुमेही मुलाला वगळण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी पत्करला जातो. तो न्याय्य नाही. मुलाच्या मात्रा, जेवणाच्या वेळा आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून घेतला, आणि अर्धा साठा एका शिक्षकाने जवळ बाळगला, की बव्हंशी काम भागते. तो साठा एस. टी.च्या बॉनेटवर मात्र ठेवू नये.

वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून परत आणाव्यात. मुक्कामाच्या माळावर दुसऱ्या दिवशी अनवाणी पावले पडणार असतात.